पाहणी : ऋजुता फाटक

ऋजुता फाटक पहिल्यांदा ऑफिसात आली तेव्हा तिची समजूत होती की आपल्याला घरांचे प्लॅन काढायचे आहेत. १९९८चा जुलै महिना. सांगलीहून सिव्हिलची बी.ई. होऊन ती नुकतीच रत्नागिरीला परतली होती. वडील परटवण्यात राहायचे, शाळेत भूमिती शिकवायचे. मुलीने सरकारी बांधकाम खात्यात लागावं ही त्यांची इच्छा. जाहिरात निघेपर्यंत घरी बसून काय करणार, म्हणून त्यांनी तिला अण्णा खेरांकडे पाठवलं.

अण्णा नगररचना खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे गुहागरचे, पण आयुष्य मुंबई-नाशिकला गेलं आणि उतारवयात रत्नागिरीला येऊन त्यांनी माळनाक्याला पहिल्या मजल्यावर ऑफिस थाटलं. छोट्या गावांचे विकास आराखडे करायचे ते. मी, गुरुप्रसाद शिवगण, त्यांचा ट्रेसर. मूळ नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि शाईच्या पेनाने रेघ न् रेघ उतरवायची, एवढंच माझं काम. ऋजुता मला गुरूदादा म्हणायची.

अण्णांनी तिला पहिल्या दिवशी टेबलसुद्धा दाखवलं नाही. म्हणाले, "मारुती मंदिरला जा. दोन तास उभी राहा. माणसं रस्ता कुठून ओलांडतात ते लिहून आण."

ती ओलीचिंब होऊन परत आली, थोडी वैतागलेलीच. "पट्टे मारलेत तिथून कुणीच जात नाही, अण्णा."

"का?"

"काय माहीत."

"मग उद्या परत जा."

तिसऱ्या दिवशी ती जिना धावतच चढली. एसटीतून उतरलेल्या बायका आधी भाजीवाल्यांकडे जातात, आणि भाजीवाल्या बसतात त्या पट्ट्यांपासून पन्नास पावलांवर. अण्णांनी चष्मा काढला. "मग आता काय हलवायचं? रस्ता, पट्टे, की भाजीवाल्या?"

"पट्टे," ती म्हणाली.

"ह्याला नगररचना म्हणतात. बाकीचं पुस्तकात आहे."

त्या दिवसापासून ती बदलली. अण्णांच्या कपाटातले जुने आराखडे काढून वाचत बसायची. रंग पाठ केले : पिवळी राहती घरं, निळी दुकानं, जांभळे कारखाने, लाल शाळा-दवाखाने, हिरवी शेती आणि मैदानं. पुढे रंग सोडून ती त्यांच्या कडा बघायला लागली. हिरवा इथेच का संपला, पिवळा इथूनच का सुरू झाला, असं विचारून अण्णांना भंडावून सोडायची. अण्णाही उत्तरं द्यायचे. जेवणाचा डबा उघडा ठेवून तासतासभर बोलत बसायचे दोघं. निवृत्त माणसाला ऐकणारं कुणी मिळालं की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी रोज पाहत होतो.

बांधकाम खात्याची जाहिरात निघाली तेव्हा तिने अर्जच केला नाही. वडील संतापले. त्यांचं तिच्याशी झालेलं बोलणं तिने मला हसत हसत सांगितलं होतं.

"रस्ते बांधणारे पुष्कळ आहेत, बाबा. पण रस्ता कुठून जायचा ते कुणीतरी ठरवायला लागतं ना?"

"ते कलेक्टर ठरवतो."

"आणि कलेक्टरला कोण सांगतं?"

मास्तरांना ते पटलं नाही. शेवटी अण्णाच त्यांच्या घरी गेले. पुण्यात सिव्हिलच्या आणि आर्किटेक्चरच्या मुलांसाठी नगररचनेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षा आहे, पुढे सरकारात नाहीतर खाजगीत काम आहे, हे सगळं त्यांनी समजावून सांगितलं. "आपल्या जिल्ह्यात ह्या विषयात शिकलेली मुलगी माझ्या तरी ऐकिवात नाही," असंही म्हणाले. मास्तरांना ते वाक्य आवडलं असावं. २०००च्या पावसाळ्यात ऋजुता पुण्याला गेली.

तिथून ती अण्णांना दर महिन्याला पत्र लिहायची. अण्णा मोठ्याने वाचून दाखवायचे, त्यामुळे मलाही तो अभ्यास थोडाफार समजला. लोकसंख्या वीस वर्षांनी किती होईल हे कसं काढतात, त्यावरून शाळा किती, पाणी किती, स्मशानाला जागा किती. कायद्याचा एक पेपर होता, त्यात तिला सगळ्यात कमी गुण पडले. मग तिने तोच विषय इतका घोटला की पुढे कलमं तोंडपाठ झाली. एका पत्रात लिहिलं होतं, 'अण्णा, इथे सगळे मोठ्या शहरांबद्दल बोलतात. पाच हजार वस्तीच्या गावाला आराखडा कशाला, असं एक सर म्हणाले. मी म्हटलं, तिथे चुकलं तर लपायला जागा नसते.' अण्णांनी ते पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

पुणं संपल्यावर तिला मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं होतं. अण्णांनी पत्र टाकलं : तुझं टेबल खिडकीपाशी लावलंय. ती परत आली.

त्या सुमारास आमच्याकडे कोंडशेतचं काम आलं. गावाचं नाव मी बदललं आहे. राजापूरच्या रस्त्यावर आत जाऊन लागतं, नुकतीच नगरपंचायत झाली होती. वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, खाली भातखाचरं, आणि मधून वाहणारा एक पऱ्या. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. सड्यावरचं सगळं पाणी त्यातून खाली येतं. गावाचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा करायचा, आणि त्याआधी जमिनीच्या तुकड्या-तुकड्यावर आज काय आहे ते जागेवर जाऊन टिपायचं. हे टिपण्याचं काम ऋजुताकडे आलं.

२००२च्या डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत ती तिथे जात राहिली. पहाटेची गाडी पकडायची. टोपी, पाण्याची बाटली आणि फील्डबुक. तिथे तिला हौसा मांडवकर भेटली. नवरा मुंबईत वॉचमन, मुलगाही तिकडेच, गावात ही आणि सून. पऱ्याच्या कडेला त्यांचं वायंगण होतं. पावसानंतरही ओल टिकते त्या जमिनीला आम्ही वायंगण म्हणतो. भात काढल्यावर तिथे पुन्हा पीक घेता येतं. हौसा त्यात कुळीथ, पावटा करायची.

पऱ्याचं पाणी कुठवर चढतं हे कुठल्याच सरकारी कागदावर नव्हतं. ते हौसाला ठाऊक होतं. ती ऋजुताला घेऊन बांधाबांधाने फिरली. एका काळ्या दगडावर पाय ठेवून म्हणाली, "हितपातुर पानी येता भादव्यात. ह्या फनसाच्या बुडाला लागला तर समजायचा, औंदा जास्त हाय." ऋजुता मोजायची, लिहायची आणि त्या ओळीपुढे हौसाची सही घ्यायची. सही म्हणजे तीन वेडीवाकडी अक्षरं. दुपारी हौसा तिला ओटीवर बसवून भाकरी आणि कुळथाची पिठी वाढायची.

एके दिवशी मी टेप धरायला बरोबर गेलो होतो. भाकरी वाढता वाढता हौसाने विचारलं, "बाय, तू लिवतंस ता खरा. पन आमची जमीन जायाची न्हाय ना?"

ऋजुता घास हातात धरून म्हणाली, "नाही गो मावशी. लिहून ठेवलं की कुणाला हात लावता येत नाही. म्हणून तर लिहितेय."

तिचा त्यावर खरंच विश्वास होता. मी तिच्या शेजारी बसलो होतो, मला माहीत आहे.

दिवाळीपर्यंत तिचा नकाशा तयार झाला. पऱ्याच्या दोन्ही बाजूंना तिने रुंद हिरवा पट्टा ठेवला होता, वर सड्याच्या उतारापासून खाली वायंगणापर्यंत. तिथे बांधकाम नाही. बाजार, मैदान आणि एसटी स्टँडसाठी गावाच्या पश्चिमेचा सपाट कातळ, जिथे काही पिकत नाही. अण्णा नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. "सुरेख," म्हणाले. तो नकाशा मीच ट्रेस केला, आणि अमोनियाच्या वासाच्या निळ्या प्रतीही मीच काढल्या.

पुढच्या वर्षी गुढीपाडव्याच्या आसपास अण्णांनी तिला हेदवीला पाठवलं. देवळापाशी गाड्या कुठे थांबवायच्या याची पाहणी होती, दोन आठवड्यांचं काम. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी माझ्यासमोर कोंडशेतचा नकाशा पसरला. त्यावर लाल पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या होत्या. वरच्या उतारावरचा हिरवा पट्टा पिवळा झाला होता. पऱ्या एका सरळ अरुंद गटाराएवढा उरला होता. आणि मैदान, बाजार, स्टँड हे सगळं कातळावरून उचलून हौसाच्या वायंगणावर आणून ठेवलं होतं.

"हे आत्ता कुणाला दाखवू नकोस, गुरू," अण्णा म्हणाले. "तिला मीच सांगीन."

मी मान हलवली. काही विचारलं नाही. तेरा वर्षं मी त्या ऑफिसात होतो, आणि अण्णांना प्रश्न विचारायची सवय फक्त ऋजुताला होती. आठ दिवसांत मी नवा नकाशा उतरवला. कोपऱ्यात ट्रेसरची आद्याक्षरं टाकायची असतात, ती टाकली.

ती हेदवीहून परत आली. अण्णांनी तिला काही सांगितलं नाही. मीही नाही. एप्रिल, मे, जून आम्ही रोज एका टेबलावर जेवलो. एकदा तिने विचारलं, "कोंडशेतचं कुठवर आलं हो?" अण्णा म्हणाले, "वर गेलंय." मी आमटी भातावर ओतत राहिलो.

जुलैमध्ये हौसाचा बूथवरून फोन आला. ऋजुता दोन-तीन वाक्यं ऐकून गोंधळली. फोन ठेवून म्हणाली, "मावशी म्हणतात, नकाशा भिंतीला लावलाय आणि त्यात त्यांची जमीन गेलीय. काहीतरी वाचायला चुकलंय त्यांचं. गुरूदादा, चला ना माझ्याबरोबर. समजावून येऊ."

मी गेलो. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. एसटीत ती दोन तास मला सांगत होती, की प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला की महिनाभरात लोकांना हरकती घेता येतात, आणि खेड्यातल्या माणसाला नकाशा वाचायला शिकवलं पाहिजे. मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

नगरपंचायतीच्या व्हरांड्यात पन्नासेक माणसं होती. ऋजुताला बघून सगळे बाजूला झाले. ती भिंतीजवळ गेली. आधी तिने खालचं वायंगण पाहिलं, मग बोट पऱ्यावरून वर वर नेत उतारापर्यंत आली. तिथे बोट थांबलं.

हौसाच्या सुनेच्या हातात नकाशाबरोबरच्या अहवालाची प्रत होती. ती दहावी शिकलेली. तिने सगळ्यांसमोर वाचलं : "सदर जमीन ओसाड व पडीक असून लागवडीखाली नाही. पाहणी : ऋजुता फाटक."

"मी हे लिहिलेलं नाही," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

हौसा पुढे आली. ओरडली नाही. "माज्या हातची भाकर खाल्लीस बाय तू. कुळथाची पिठी खाल्लीस. ता कुळीथ खयल्या जमिनीतला होता गो? नि पडीक लिवलंस?"

"मावशी, माझ्या वहीत..."

"माज्या सह्या घेतल्यास त्या ह्याच्यासाटी?"

ऋजुताने भिंतीला हात टेकला. तेव्हाच तिची नजर नकाशाच्या कोपऱ्यावर गेली असणार. ती वळली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"पाडव्यापासून."

ती मनात महिने मोजत असावी. मग पावसातच चालत स्टँडकडे गेली. मी स्टँडवर पोचलो तोवर गाडी सुटली होती. मी नंतरच्या गाडीने आलो.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच अण्णांच्या टेबलासमोर उभी राहिली. मी माझ्या जागेवर होतो. दार उघडंच होतं.

"वरच्या उताराची जमीन कुणाची आहे, अण्णा?"

अण्णांनी लपवलं नाही. "तू शोधून काढशीलच, म्हणून मीच सांगतो. माझ्या मेव्हण्याने घेतलीय. गेल्याच्या गेल्या वर्षी."

"म्हणजे मी मोजत होते तेव्हाच. आणि बाजार, स्टँड त्यांच्या प्लॉटांच्या पायथ्याशी यावेत म्हणून मावशींचं वायंगण."

"बस जरा. चाळीस वर्षं ह्या धंद्यात काढली मी. संपूर्ण खरा असा एकही नकाशा पाहिला नाही. कुणाच्या तरी जमिनीवर रंग पडणारच."

"मग तुमच्या नावाने पाडायचा. माझं नाव का घातलंत?"

अण्णा मग म्हणाले, "लोकांचा तुझ्यावर विश्वास आहे. तुझं नाव असलं की हरकती कमी येतील असं वाटलं."

मला अजून वाटतं, त्यांना ते बोलताना आपण तिची स्तुतीच करतोय असं वाटत होतं. ऋजुताने फील्डबुक पिशवीत घातलं. टेबलाच्या काचेखालचं पुण्याचं पत्र काढून घेतलं आणि ती गेली. त्यानंतर त्या जिन्याने ती कधी वर आली नाही.

तिने हरकत घेतली. स्वतःच्या नावाने, साधी नागरिक म्हणून. शिवाय कोंडशेतमधल्या अठरा जणांच्या हरकती तिने तयार केल्या. मास्तरांनी त्या स्वतःच्या सुवाच्य अक्षरात उतरवून दिल्या. अण्णांविरुद्ध जाऊ नकोस, असं म्हणायला ते सुरुवात करत होते, पण हौसाच्या सह्या असलेलं पान बघून थांबले, असं ऐकलं. हौसाने मात्र तिच्याकडून काही लिहून घेतलं नाही. तिचा अर्ज सुनेने वेगळा केला.

रत्नागिरीत बोलणं सुरू झालं, की फाटकांची मुलगी हुशार आहे पण डोक्यात हवा गेलीय. ज्यांनी शिकवलं त्यांच्यावरच उलटली. अण्णा स्वतः कुणाजवळ वाईट बोलले नाहीत. ते नुसते सुस्कारा सोडायचे, आणि ऐकणाऱ्याला बाकीचं कळायचं.

हरकतींच्या सुनावणीच्या आधी मी परटवण्यात तिच्या घरी गेलो. वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या मूळ नकाशाची निळी प्रत नेली होती. ती दारातच उभी राहिली.

"हा तुझा पहिला नकाशा," मी म्हटलं. "उपयोग होईल."

"ही प्रत ऑफिसातून आली असं लिहून द्याल?"

मी माझ्या दोन मुलींबद्दल काहीतरी बोललो. नोकरीबद्दल बोललो. तिने ऐकून घेतलं. "बरं, शिवगण," म्हणाली आणि प्रत घेतली. गुरूदादा म्हणाली नाही, ते रस्त्याला लागल्यावर माझ्या लक्षात आलं.

सुनावणीत समितीतल्या एकाने विचारलं, ह्या प्रतीवर सही नाही, ही तुम्हाला कुणी दिली? तिथे हजर असलेल्या माणसाने मला सांगितलं, की ऋजुता म्हणाली, "ते मला सांगता येत नाही." माझं नाव घेतलं असतं तर प्रत ग्राह्य धरली गेली असती. तिने घेतलं नाही. प्रत बाजूला ठेवली गेली.

फील्डबुक उरलं. त्यातल्या नोंदी आणि सह्या समितीने पाहिल्या, जागेवर जाऊनही आले. त्या वेळी वायंगणात पावटा उभा होता, त्यामुळे पडीक म्हणता येईना. २००६मध्ये आराखडा मंजूर झाला तेव्हा हौसाच्या जमिनीवरचं आरक्षण निम्म्यावर आलं होतं. मैदान आणि बाजार पुन्हा कातळावर गेले, स्टँड वायंगणावरच राहिला आणि पुढे बांधलाही गेला. वरचा उतार मात्र पिवळाच राहिला. तिथे आधी भराव पडला, मग बंगले आले.

माहितीचा अधिकार आल्यावर ऋजुताने सगळी फाइल मागवली. तिच्या सहीचा एकही कागद त्यात नव्हता, फक्त टाईप केलेलं नाव होतं. त्याबद्दल तिने वरच्या खात्यात तक्रार केली. उत्तर आलं, की सल्लागाराच्या कार्यालयातील अंतर्गत बाबींशी या खात्याचा संबंध नाही.

नगररचनेचं काम तिला जिल्ह्यात कुणी दिलं नाही. दोन वर्षं ती साळवी स्टॉपजवळ एका आर्किटेक्टकडे घरांचे प्लॅन काढत होती. मुंबईची ती कंपनी पुन्हा बोलावत होती, ती गेली नाही. का, ते मला विचारता आलं नाही. २००७पासून ती एका खाजगी तंत्रनिकेतनात शिकवते. तिचे विद्यार्थी सांगतात, मॅडम पाहणीला नेतात तेव्हा लिहिलेल्या प्रत्येक पानाची एक नक्कल, ज्याच्या जमिनीबद्दल लिहिलं त्याच्या हातात देऊनच निघायचं. एका मुलीने विचारलं होतं, ह्यात करिअर आहे का मॅडम? त्या म्हणाल्या, आहे, पण आपण लिहिलेलं शेवटी कुणाच्या हातात जातं ते आधी बघ.

अण्णांचा पंच्याहत्तरीचा सत्कार झाला. मीच हार आणले. मानपत्रात त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांचा उल्लेख होता. नाव कुणाचंच नव्हतं. पुढच्या वर्षी मी ते ऑफिस सोडलं. तोवर ट्रेसरचं कामही संपत आलं होतं, त्यामुळे त्याला धाडस म्हणता येणार नाही.

भरावामुळे पऱ्याचं तोंड आवळलं गेलं, आणि २००७च्या पावसात ते पाणी हौसाच्या उरलेल्या वायंगणात शिरून तिथेच तुंबलं. रोप कुजलं. पुढच्या वर्षीही तेच. ऋजुताला कळलं तेव्हा ती कॉलेजातून उंचसखल मोजायचं लेव्हलचं यंत्र घेऊन कोंडशेतला गेली. पाणी मोजलं आणि स्टँडखालून पऱ्याचं पाणी जाणारी मोरी रुंद करावी असा अर्ज तयार केला. हौसाने तिला ओटीवर बसू दिलं. चहा विचारला नाही. अर्जावर सही मात्र केली, पण आधी सुनेकडून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचून घेतला. ऋजुता तोवर थांबून राहिली.

तो अर्ज नगरपंचायतीत आहे. मोरी अजून तेवढीच आहे.